अँगलचं तोंड वर

अधिक आणि उणे या दोन चिन्हांवरून दोन शिकलेली माणसं सव्वा महिना भांडताना मी पाहिली आहेत. तेव्हापासून कुणी मला 'शास्त्रशुद्ध' हा शब्द ऐकवला की माझं डोकं फिरतं. भांडण होतं एका लोखंडी अँगलवरून. काटकोनात दुमडलेली पट्टी, एक पाय लांब, एक आखूड. तो अँगल अंगणात पडून राहिला असता तर त्याला कसलंही चिन्ह लागलं नसतं. आमच्या ऑफिसच्या टेबलावर आला आणि त्याचं नशीब फुटलं.

साठीच्या दशकातली ही गोष्ट. आज ज्याला नवी मुंबई म्हणून मिरवतात, तिथे तेव्हा भाताची खाचरं होती, मिठागरं होती. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या पट्टीतून ठाण्याहून बेलापूरला जाणारा रस्ता. त्या रस्त्याच्या कडेनं कारखाने उभे राहू लागले होते. आमचं गाव खाडीवरच्या दिवाळे बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. गावातला पहिला डिप्लोमावाला मीच, आणि ही गोष्ट मी स्वतः कुणाला विसरू देत नसे. मुंबईतल्या एका डिझाइन ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून चिकटलो होतो. त्या ऑफिसला आमच्याच भागातल्या एका कारखान्याच्या शेडचं काम मिळालं. त्यांनी साइटवर पत्र्याची लांब खोली बांधली, टेबलं मांडली आणि मला तिथे आणून बसवलं. नोकरी अजून कच्चीच होती.

त्याच साइटवर माझा काका, बापाचा धाकटा भाऊ, खलाशांचा मुकादम होता. समुद्रावर जाणारे खलाशी वेगळे. लोखंडी काम उचलून उभं करणाऱ्यांनाही खलाशीच म्हणतात. काका मुंबईच्या गोदीत वजनं चढवायला शिकला होता. कैची, म्हणजे छपराचा तो भला मोठा लोखंडी त्रिकोण, दोर आणि कप्प्या लावून तो असा उचलायचा की खांबावर टेकल्याचा आवाजसुद्धा येत नसे. चौथीपर्यंत शाळा झालेली, मराठी वाचता यायचं. कारखान्याच्या मालकानं त्याला शब्द दिला होता की शेड नीट उभी राहिली तर कारखान्यात कायमची नोकरी. आमची जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात जाणार हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. काकाच्या घरात दोन पोरी आणि म्हातारी सासू. त्या घराला धरायला त्या नोकरीशिवाय दुसरं काही उरलेलं नव्हतं.

आता भांडणाचं मूळ सांगतो. पुस्तकी माणसांनी त्याचं अवडंबर केलं म्हणून, नाहीतर गोष्ट पोरखेळ आहे. फळी कडेवर उभी ठेवून तिच्यावर बसलात तर ती वाकत नाही. तीच आडवी ठेवा, झोळ पडतो. म्हणजे प्रत्येक आकाराला एक जोराची बाजू असते आणि एक कमजोर. पुस्तकात त्यांना मुख्य अक्ष म्हणतात. फळीचे अक्ष सरळ असतात, अँगलचे तिरपे, जणू उभी फळी कुणी जराशी कलती धरली आहे. किती तिरपे, तो कोन कोष्टकात छापलेला असतो. कुठल्या बाजूला तिरपे, ते चिन्हानं सांगायचं. आमचे अँगल छपरावर पत्र्यांखाली आडवे बसायचे होते, आणि छपराला स्वतःचा उतार असतो. अँगलचं तोंड, म्हणजे पत्र्याखाली चिकटणारा त्याचा आखूड पाय, आढ्याकडे, चढाच्या बाजूला ठेवलंत तर उतार आणि तिरपेपणा एकमेकांतून वजा होतात. वजन जोराच्या बाजूवर येतं. तोंड वळचणीकडे केलंत की दोन्हींची बेरीज होते आणि अँगल आडव्या फळीसारखा झोळ खातो. संपलं शास्त्र. दिवाळ्याच्या बंदरावर होड्या बांधणाऱ्या कुठल्याही सुताराला हे बिडी संपायच्या आत कळलं असतं.

आमच्या साहेबांना कळायला सव्वा महिना लागला. म्हणजे कळलं त्यांना पहिल्याच दिवशी होतं, पण नुसतं कळण्यात शहाण्या माणसाचा मान राहत नाही. मोठे साहेब डिझाइन करायचे. त्यांचं पुस्तक विलायती. त्यात कोन घड्याळाच्या काट्याच्या उलट मोजला की अधिक. दुसरे साहेब तपासणीचे. त्यांचंही पुस्तक परदेशी, पण दुसऱ्या देशातलं. त्यात उभा अक्ष खालच्या दिशेनं धरलेला, त्यामुळे काट्याच्या दिशेनं मोजलं की अधिक. दोघंही बरोबर होते, आणि हीच पंचाईत होती. चुकणारा माणूस कधीतरी दमून गप्प बसतो. बरोबर असलेल्याला मरेपर्यंत दम लागत नाही.

तपासणीचे साहेब माझ्या ड्रॉइंगवरच्या अधिकाला लाल पेन्सिलीनं उणे करायचे. मोठे साहेब त्या उण्याला निळ्या पेन्सिलीनं पुन्हा अधिक करायचे. मी ट्रेसिंगच्या कापडावरची शाई ब्लेडनं खरवडायची आणि सांगतील ते चिन्ह काढायचं. दुपारी दोघं शेजारी बसून डबे खायचे, एकमेकांना लोणचं वाढायचे आणि डबा धुऊन आले की पुन्हा हमरीतुमरीवर. एकदा न राहवून मी विचारलं, "साहेब, शेडच्या ठाण्याकडच्या टोकाला उभं राहिलं तर जे काट्याच्या दिशेनं दिसतं, ते बेलापूरकडच्या टोकाहून उलट दिसणार. मग बघायचं कुठून?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या अख्ख्या काळात त्यांचं फक्त तेव्हाच एकमत झालं, ते असं की ड्राफ्ट्समननं आपलं काम करावं.

बाहेर कैच्या उभ्या राहून गंजत होत्या. खलाशी सावलीला पत्ते कुटत होते. काका संध्याकाळी घरी जाताना खिडकीशी थांबायचा.

"काय रं बाला, आजून नाय ठरला?"

"काका, ते तांत्रिक आहे," मी म्हणायचो. 'तांत्रिक' म्हणताना मला किती गोड वाटायचं ते आता आठवलं तरी शिसारी येते.

शेवटी ट्रेसिंगला भोक पडलं. तेच ते चिन्ह खरवडून खरवडून कापड फाटलं. मी ठिगळ लावायला बसलो आणि माझ्या डोक्यात अक्कल चमकली. चिन्ह हवंय कुणाला? छपरावर चढणारा खलाशी कोन मोजत नाही. त्याला फक्त तोंड कुठे ते सांगा. मी ठिगळावर चिन्ह काढलंच नाही. तिथे ठसठशीत मराठीत लिहिलं, 'अँगलचे तोंड वर'. पुढे एक टिंब दिलं, तेही ऐटीत.

दोन्ही साहेबांनी ते वाचलं. कुणाचंच पुस्तक हरलं नव्हतं, त्यामुळे दोघंही खूश झाले. मोठे साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुमच्यात बुद्धी आहे हो." तुमच्यात म्हणजे कुणात, ते मला नीट कळलं होतं. तरी मी शेपूट हलवली. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. डिप्लोमाच्या वर्गात पहिल्या आठवड्यात मी एकदा 'पानी' म्हणालो होतो. पुढे वर्षभर मला त्याच नावानं हाक मारायचे. तेव्हा मी माझी जीभ घासून घेतली. 'हाय'चं 'आहे' केलं, 'नाय'चं 'नाही' केलं, 'ण' तर आरशासमोर घोटला. इतका घोटला की घरी आई बोलायला लागली की मला तिचीच चूक ऐकू यायची. एवढ्या मेहनतीनंतर मी जे लिहायचो ते अगदी पुस्तकातलं मराठी असायचं. त्या ठिगळावरचं 'वर'सुद्धा पुस्तकातलंच होतं.

ड्रॉइंग साइटवर गेलं त्या दिवशी काकानं मला हाक मारली. कागद हातात उलगडलेला, बोट त्या ओळीवर. मोठे साहेब दहा पावलांवर कुणाशी तरी बोलत होते.

"बाला, वर म्हंजे वरच ना रं?"

मला वाटलं, साहेबांनी ऐकलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. चारचौघांत मला 'बाला' म्हणणारा हा माणूस, आणि वर त्याचा हा प्रश्न.

"वर म्हणजे वर, काका," मी म्हणालो. "त्यात विचारायचं काय? लिहिलंय ना मराठीत."

त्यानं मान हलवली, कागदाची घडी खिशात घातली आणि माणसांना हाक दिली. खोळंबलेलं काम होतं, म्हणून त्यांनी जीव तोडून केलं. दोन्ही पाखांवरचे, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांवरचे, अँगल बसले, बोल्ट आवळले, सिमेंटचे पत्रे चढले, हूक लागले. काका पहाटे सगळ्यांच्या आधी यायचा आणि शेवटी जायचा. त्या दिवसांत त्याच्या चालण्यात एक तोरा आला होता. गावात त्याला आतापासूनच 'कारखानावाला' म्हणू लागले होते.

थोड्याच दिवसांत साइटवरचा सुपरवायझर धापा टाकत आमच्या खोलीत आला. आम्ही बाहेर येऊन पाहिलं. खाडीकडचा पाख पाटीसारखा सरळ होता. डोंगराकडच्या पाखावरचे पत्रे भरतीच्या पाण्यासारखे खालीवर झाले होते. खालचे अँगल वळचणीच्या बाजूला पोट काढून लोंबले होते आणि हुकांपाशी काही पत्रे तडकले होते. सुपरवायझर वर चढून बघून आला आणि म्हणाला की एका पाखावरची तोंडं आढ्याकडे आहेत, दुसऱ्यावरची वळचणीकडे. मग म्हणाला, "म्हणजे सगळ्यांची एकाच दिशेला आहेत. डोंगराकडे."

ते ऐकलं आणि मला त्याच क्षणी सगळं कळलं. आमच्या गावात वर म्हणजे डोंगराकडे आणि खाली म्हणजे खाडीकडे. बैल वर नेले म्हणजे डोंगराच्या अंगाला चारायला नेले. बापूस खाली गेलाय म्हणजे मिठागरावर गेलाय. माणूस माडावर चढला तर तो माडाव चढला म्हणायचं. वर गेला म्हटलं तर बायको जेवणाची भाकरी बांधून डोंगराच्या वाटेनं त्याला शोधायला जाईल. खाडीकडच्या पाखावर डोंगराची दिशा आणि आढ्याची दिशा एकच, म्हणून तिथे काही बिघडलं नाही. आढं ओलांडून पलीकडे गेलं की डोंगराची दिशा म्हणजे उतार. काकानं माझं वाक्य शब्दाशब्दाला पाळलं होतं. पाळताना ते आमच्या भाषेत वाचलं होतं, आणि ती भाषा मी त्याच्याच अंगणात शिकलो होतो. आरशासमोर 'ण' घोटताना ती मी पुसून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या खोलीत चौकशी बसली. मालकाचा माणूस आला होता. दोन्ही साहेब खुर्च्यांवर, मी टेबलाशी उभा, आणि दारात काका. डोक्यावरची टोपी काढून त्यानं हातात धरली होती. नोकरी द्यायची की नाही ते त्या खोलीत ठरणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

तपासणीच्या साहेबांनी ड्रॉइंग त्याच्या पुढ्यात धरलं.

"हे वाचता येतं?"

"येतंय साहेब. अँगलचे तोंड वर."

"मग वर कुठे असतं, दाखवा बघू."

काकानं हात उचलला आणि खिडकीबाहेरचा डोंगर दाखवला. अगदी सहज, शाळेतल्या पोरानं फळा दाखवावा तसा.

खोली हसली. मालकाचा माणूस तर डोळे पुसेपर्यंत हसला. मोठे साहेब म्हणाले, "बरं झालं डोंगराच्या माथ्यावर काम नाही काढलं, तिथे वर उरलंच नसतं." मीही हसलो. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली म्हणून पुन्हा लिहितो, मीही हसलो.

हसू ओसरल्यावर मोठ्या साहेबांनी विचारलं, "शंका आली नाही? कुणाला विचारलं होतंत का काम सुरू करायच्या आधी?"

काकानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, याचीच मला जास्त चीड आली. माझी नोकरी कच्ची आहे हे त्याला ठाऊक होतं.

"नाय साहेब," तो म्हणाला. "कोनाला नाय इचारला."

मग मोठे साहेब माझ्याकडे वळले. एवढं मात्र मान्य करतो की त्यांनी मला सरळ प्रश्न विचारला. "तुम्ही याच भागातले. इथल्या बोलीत वर म्हणजे डोंगर, असं काही आहे का?"

एक 'हो' म्हणायचं होतं. तेवढ्यानं चूक ड्रॉइंगची ठरली असती, म्हणजे माझी, आणि त्यावर सह्या करणाऱ्या दोन्ही पुस्तकांची. मुकादम सुटला असता. फार तर मला हाकललं असतं. मी तरणाबांड, डिप्लोमावाला, मला मुंबईत दुसरं टेबल मिळालं असतं. हे सगळं मी तिथे उभ्या उभ्या हिशेबानं पाहिलं. आणि त्याहून मोठं एक भय मला दिसलं, की 'हो' म्हटलं तर हे तिघं मान हलवून म्हणतील, अच्छा, म्हणजे तुम्हीही त्यांच्यातलेच.

"नाही साहेब," मी म्हणालो. "वर म्हणजे वर. कुणालाही कळेल."

माझा 'ण' अगदी स्वच्छ उमटला. काकानं टोपी डोक्यावर घातली.

मुकादम बदलला. डोंगराकडच्या पाखावरचे पत्रे उतरवून अँगल फिरवायचं काम ठाण्याहून आलेल्या टोळीनं केलं, आणि कारखान्यातली कायमची जागाही तिच्या मुकादमाला गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हण सगळ्यांना येते. चोर कुणी व्हायचं तेवढंच ज्यानं त्यानं ठरवायचं असतं. मोठ्या साहेबांनी ऑफिससाठी एक टिपण लिहिलं. कोनाचं चिन्ह ड्रॉइंगवर असतं तर ही दुर्घटना टळली असती, यापुढे चिन्ह सक्तीचं. तपासणीच्या साहेबांनी खाली लाल पेन्सिलीनं विचारलं, कोणत्या दिशेनं अधिक? ते दोघं निवृत्त होईपर्यंत त्या कागदावर भांडत बसले असतील, देव त्यांचं भलं करो.

मी पुढची कितीतरी वर्षं त्या दोघांना शिव्या घालण्यात घालवली. लग्नात, बारशात, कुणी ऐकणारा भेटला की मी त्यांच्या नकला करायचो. लोक पोट धरून हसायचे. नकला करायला मला साहेब फार उपयोगी पडले, कारण त्या गोष्टीत मी फक्त ब्लेड घेऊन शाई खरवडणारा गरीब पोरगा असायचो. चौकशीपर्यंत गोष्ट मी कधी आणलीच नाही. शेळपट माणसाला विनोद फार चांगला जमतो, हे मी अनुभवानं सांगतो.

काका मिठागरावर कामाला लागला, दुसऱ्याच्या आगरात रोजावर. आमची घरं एका भिंतीची. तो मला टाळत नव्हता, पण मी त्याच्यासमोर जात नव्हतो. घरात कुणी मला बोल लावला नाही, कारण काकानं घरीही तेच सांगितलं होतं की चूक त्याची.

पावसाळा सरला आणि माझी नोकरी पक्की झाली. आई म्हणाली, पेढे पहिल्यांदा काकाकडे नेऊन दे, त्याच्या मांडीवर मोठा झालायस. मी पुडा घेऊन गेलो. संध्याकाळची वेळ होती. काका ओटीवर भिंतीला टेकून बसला होता, पायांना मिठाच्या भेगा पडलेल्या, त्यांना काकी खोबरेल लावत होती. मी पायरीशी थांबलो आणि नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं.

आमच्यात चुलता पुतण्यासाठी उठत नाही. काका उठला. काकीला बाजूला सारून, भिंतीचा आधार घेऊन तो त्या भेगाळलेल्या पायांवर उभा राहिला. खांद्यावरच्या फडक्यानं त्यानं ओटीची कड झटकली आणि दोन पावलं मागे सरून मला जागा करून दिली.

"बसा साहेब," तो म्हणाला.

काकीनं दचकून त्याच्याकडे पाहिलं, तिला वाटलं तो थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता.

मी बसलो.